मावशीच्या गळ्यातली डबी

फोटो मी कापला. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढं कुणावर ढकलायचा मोह व्हायला नको. तेव्हा मी बारा वर्षांची होते, दुपारची वेळ होती, ओसरीवर चांगला उजेड होता, आणि कात्री माझ्या वारलेल्या आईच्याच शिवणाच्या पेटीतली होती. गोल इतका साफ निघाला की मला माझंच कौतुक वाटलं. आता त्या फोटोत आईच्या तोंडाच्या जागी भोक आहे.

परवा ऋतुजानं तो फोटो खिडकीसमोर धरला आणि त्या भोकातून माझ्याकडं बघितलं. ऋतुजा माझ्या धाकट्या भावाची, दिनूची मुलगी. पुण्याला नोकरी करते. आजीच्या, म्हणजे माझ्या मावशीच्या, दिवसांसाठी सेलूला आली ती कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेऊनच आली. तेरावं उरकलं, पाहुणे गेले, चादरी धुऊन झाल्या, आणि मावशीची पत्र्याची ट्रंक उघडली तर अर्धी ट्रंक फोटोंचीच. काही पाकिटात, काही लग्नपत्रिकांच्या घडीत, काही नुसतेच लुगड्यांच्या खाली. "आत्या, हे सगळं नीट लावून ठेवू, न्हाईतर कसर खाऊन टाकंल," पोरगी म्हणाली. पुण्यात राहून तिची भाषा सुधारली आहे, पण सेलूला उतरली की दोन दिवसांत परत बिघडते. मला बरं वाटतं.

नीट लावून ठेवणं हा तर माझा धंदा. सगळी नोकरी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. लोकांचे जुने कागद लाल कापडाच्या बस्त्यात बांधायचे, चिठ्ठी लावायची, मांडणीवर चढवायचे, आणि कुणी मागितला की पाच मिनिटांत काढून द्यायचा. माझ्या हातून एक कागद गहाळ झाला नाही असं निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले होते, आणि मी खुशाल हार घालून घेतला होता. आता तशीच वही आखली. अनुक्रम, कुठं काढला, कोण कोण आहेत, स्थिती. पहिलाच फोटो हाती आला तो हा. "हे कुणी केलं गं आत्या? उंदरानं?" "उंदीर इतकं गोल कुरतडतंय का, शहाणे?" "मग?" मी म्हणाले, "मी." ती हसली, तिला मी थट्टा करते असं वाटलं. मला पुढं बोलवेना, म्हणून उठून चहा टाकला. जे तोंडानं सांगता आलं नाही ते आता लिहिते आहे.

मावशी म्हणजे माझ्या वडिलांची दुसरी बायको. माझी आई काविळीनं गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि दिनू दोनाचा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते शाळेत मास्तर होते, गणित शिकवायचे, आणि आईच्या पाठीमागं त्यांनी बोलणंच सोडलं. वर्षभरात नातेवाइकांनी लग्न लावून दिलं. पाथरीकडच्या एका खेड्यातली मुलगी, बावीस-तेवीस वर्षांची, उंच, सावळी, मोठ्या आवाजाची. दिनू पहिल्याच आठवड्यात तिच्या कडेवर चढून "आई" म्हणायला लागला. मी मावशी म्हणाले. दिनू तिला "तू" म्हणायचा, मी "तुमी". साठ वर्षांत मी ते "तुमी" खाली उतरू दिलं नाही. लोकांना वाटायचं, काय वळण आहे पोरीला! वळण कसलं, निव्वळ खुन्नस होती.

आमचं घर स्टेशनकडून बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्याला, दोन खोल्या, ओसरी आणि मागं आड. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. जिनिंगचं यंत्र दिवसभर घरघरायचं आणि सकाळच्या भोंग्यावर मावशी चूल पेटवायची. कापसाचे तंतू उडून यायचे ते पाण्याच्या रांजणावर, वाळत घातलेल्या कुरडयांवर, आमच्या केसांत बसायचे. "माय वं, ही पोरगी बघा, आत्ताच म्हातारी झाली," असं म्हणून मावशी माझ्या डोक्यातले तंतू वेचायला यायची आणि मी डोकं झटकून उठायची. परभणीकडून गाडी आली की तिला दाराशी जाऊन उभं राहायची सवय होती. गाडी दिसायची नाही, नुसती शिट्टी ऐकू यायची. तरी उभी राहायची.

तिच्या हाताला चव होती, हे आज कबूल करते. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला, त्यावर भरपूर शेंगदाणे. दुपारी भाकरी, अंबाड्याची भाजी, येसराची आमटी. आणि धपाटे तर असे की शेजारणी वाटी घेऊन यायच्या. मी ताटावर बसले की पहिला घास घ्यायची आणि म्हणायची, "आई असं करत नव्हती." "मग कसं करायची माय?" "आईच्या वरणात लसूण नसायचा." दुसऱ्या दिवशी वरणात लसूण नाही. मग मी म्हणायची, आई भाकरी पातळ करायची. भाकरी पातळ व्हायची. खरं सांगायचं तर आई काय करायची हे मला अजिबात आठवत नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला काय आठवणार? जे तोंडात येईल ते मी आईच्या नावावर खपवत होते आणि ती बिचारी ऐकत होती. अण्णा खाली मान घालून जेवायचे. त्यांना माहीत होतं की मी खोटं बोलते, पण एका शब्दानं बोलले नाहीत. ह्या न बोलण्याचा मला अजून राग येतो.

आमच्याकडं एक रीत होती, आता कुणी पाळत नसेल. पहिली बायको वारल्यावर नवऱ्यानं दुसरी केली, तर दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीचा लहान पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. जेवताना पहिला घास टाकाला दाखवायचा. मेलेली सवत रुसू नये, संसारात आडवी येऊ नये म्हणून. आणि टाक गळ्यातून काढायचा नाही. न्हाताना नाही, झोपताना नाही, आजारपणात नाही. मावशी हे सगळं मनापासून करायची. घास दाखवताना ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. एकदा मी विचारलं, काय म्हणता? तर म्हणाली, "काय न्हाई, लेकरं जेवली म्हणून सांगते." तिला स्वतःचं मूल झालं नाही. सवत आडवी आली, असं बायका आडावर बोलायच्या. ती बोलली नाही.

मला त्या टाकाचा मनस्वी राग होता. त्या पत्र्यावरची बाई कुणीही असू शकली असती. दोन टिंबं डोळे, एक रेघ नाक, हात खाली. माझी आई अशी नव्हती. माझ्याजवळ पुरावा होता.

तो चारठाण्याचा फोटो. शाळेची सहल तिथली जुनी देवळं बघायला गेली होती, मास्तर लोकांची बायकापोरंही सोबत. ड्रॉइंगच्या सरांकडं कॅमेरा होता. देवळापुढं उंच दगडी खांब आहे, त्याच्या पायाशी अण्णा उभे, त्यांच्या हातात टोपी. पुढं पायरीवर आई बसलेली, मांडीवर दिनू, बाजूला मी, एक मोजा घसरलेला. आईच्या लुगड्याला बारीक चौकडा आहे. हातात पाच-पाच बांगड्या. दिनूच्या पोटावर तिनं हात दाबून धरला आहे, कारण तो सुटायला बघत होता. हे सगळं आजही माझ्यासमोर आहे आणि बघून लिहिते आहे. आईचा दुसरा फोटो नव्हता. लग्नात काढला नव्हता, आणि ड्रॉइंगच्या सरांची बदली झाली त्यात फोटोची निगेटिव्ह कुठं गेली कुणास ठाऊक. आई गेल्यावर अण्णांनी तो माझ्या हातात दिला. "हे तुझ्याजवळ ठेव सुले. माझ्याच्यानं बघणं होत न्हाई." मी तो भूगोलाच्या पुस्तकात ठेवायची आणि रोज शाळेतून आल्यावर बघायची. मावशीला दाखवायची नाही. ती झाडत जवळ आली की पुस्तक मिटायची.

दिनूच्या मुंजीच्या आधी मावशीच्या टाकाची कडी झिजून तुटली. मुंजीत चार बायका बघणार, गळा मोकळा कसा ठेवायचा, म्हणून ती घाबरीघुबरी होऊन टाक पदरात बांधून सोनाराकडं निघाली, सोबत मला घेतलं. सोनार म्हातारा होता, आईचं मंगळसूत्रही त्यानंच केलेलं. त्यानं टाक बोटावर तोलून बघितला. "पत्रा पार कागद झालाय, बाई. नवाच करावा लागंल. पण आता शहरात लोक डबी करून घ्यायलेत. चांदीची डबी, वर काच, आत फोटो. खरं माणूस दिसतंय."

मावशी गोंधळली. "फोटो चालतंय का? देवाचं असतंय ते."

"चांदी तीच. आत कोण बसवायचं ते तुमी बघा."

मी मधेच म्हणाले, "माझ्याजवळ फोटो हाय."

मावशी माझ्याकडं बघतच राहिली. पाच वर्षांत तिला त्या फोटोचा पत्ता नव्हता. मग हळूच म्हणाली, "अण्णांना विचारावं का?" "फोटो माझा हाय," मी म्हणाले. माझ्या मनात काय होतं ते लिहायला पाहिजे. प्रेम नव्हतं. मला वाटलं, आता कळेल हिला. आता टिंबाच्या डोळ्यांची बाई नाही, माझी खरी आई दिवसरात्र हिच्या छातीवर बसून हिच्याकडं बघेल. मावशीला ह्यातलं काही दिसलं नाही. तिचे डोळे भरून आले. सोनाराला म्हणाली, "तिचं लेकरूच म्हणायलंय तर करा बाबा डबी. लय चांगलं झालं. मी तिला बघितलंच न्हाई अजून."

त्या दुपारी मी चाराण्याचं नाणं आईच्या तोंडावर ठेवून पेन्सिलनं गोल मारला आणि कापला. फोटो घरीच राहील, तोंड मावशीच्या गळ्यात राहील, म्हणजे घरातच की, एवढाच हिशेब. स्टेशन रोडला स्टुडिओ होता. तिथून फोटोवरून फोटो काढून घेता आला असता, घरापासून दहा मिनिटांची वाट. सुचलं नाही. मला नाही, मावशीला नाही, सोनारालाही नाही. अण्णांना तर कुणी विचारलंच नाही.

सोनारानं गोल आणखी थोडा कातरला, डबीत बसवला, वर काच दाबली, कडेनं लाख भरली. देताना म्हणाला, "पाण्याला जपा बरं. न्हाताना काढून ठेवत जा."

"टाक काढत नसतेत," मावशी म्हणाली.

"हव, ते बी खरंच हाय," सोनार म्हणाला. मीही मान डोलावली. तिघंही शहाणे. चांदीला जे चाललं ते कागदाला चालणार नाही, एवढी साधी गोष्ट होती. मावशीनं डबी गळ्यात घातली, काचेवर बोट फिरवलं, आणि रस्त्यानं येताना दोनदा थांबून बघितली. "किती गोड हाय गं तुझी आई. तुझ्यासारखीच कपाळाला आठी हाय बघ." मी पुढं चालायला लागले.

मग ती डबी तिच्यासोबत सगळीकडं गेली. आडावर, चुलीपुढं, धुण्याच्या दगडावर, मे महिन्यात कुरडयांच्या चिकात, श्रावणात ओल्या अंगानं पूजेला. आमच्याकडचा उन्हाळा कसला असतो ते सांगायला नको, घामानं पाठीला लुगडं चिकटायचं. तिनं डबी एक दिवस काढली नाही. आणि कुठं फोटो काढायची वेळ आली की ती पदराच्या आतून डबी बाहेर काढायची, सरळ करायची, मग कॅमेऱ्याकडं बघायची. मला वाटायचं, दागिना मिरवते. एकदा बायकांत बोलूनही दाखवलं. ती नुसती हसली.

मॅट्रिक झाल्यावर मी परभणीला कॉलेजला निघाले. सकाळपासून तिची धावपळ. माझ्यासाठी धपाटे लाटत होती, तव्यापुढून उठून आली, हाताला पीठ तसंच. मी ओसरीवर बॅग भरत होते. जरा घुटमळली. म्हणाली, "सुले, एक बोलू का? रागावू नको. तुझ्या आईचं तोंड धुकट व्हायलंय गं. आत वाफ धरायली. नाकाखाली पिवळं झालंय. स्टुडिओवाला म्हणतोय, काढून द्या दोन दिवस, नवी कापी करून देतो. दोन दिवस काढू का गळ्यातून? तू म्हणशील तसं. ये, बघ की जवळून." आणि तिनं डबी दोन बोटांत धरून माझ्यापुढं केली.

मी बघितलं नाही. मी म्हणाले, "तुमाला तिला काढायचंच हाय. निमित्त शोधायलात. घर घेतलंत, अण्णा घेतलेत, दिनू तुमचाच झाला. आता ही एवढी डबी तेवढी खुपायली का? काढलीत तर मी ह्या घरात परत पाय ठेवणार न्हाई."

तिचं तोंड एवढंसं झालं. पिठाचा हात तिनं पदराला पुसला, डबी आत सारली. "न्हाई काढत, माय. शप्पत. मरस्तोवर न्हाई काढत. तू रडू नको, जायच्या वेळी रडू नये." रडत मी नव्हते, ती रडत होती. मग तिनं धपाटे अण्णांच्या दस्ती-रुमालात बांधून माझ्या बॅगेत ठेवले, वर लोणच्याची बाटली. गाडी मानवतच्या पुढं गेली नसेल, मी सगळे धपाटे खाऊन टाकले. भूक लागली होती आणि ते चांगले होते.

त्या दिवशी अजून काही उरलेलं असणार. नाक असेल, कपाळाची आठी असेल, डोळे तर नक्कीच. मी नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं, मला त्या वेळी लक्षात राहिलं असतं. पण "आपली आई आपल्याला पाठ आहे" असा माझा समज होता. पाठ होतं ते चौकड्याचं लुगडं आणि बांगड्या. तोंड केव्हा गेलं ते कळलंच नाही. कधीतरी नोकरीत असताना, एका दुपारी, आई आठवायला गेले आणि कळलं की मला तोंड दिसत नाही. मी स्वतःची समजूत घातली, दिसेल, सेलूला गेले की मावशीची डबी बघीन. मग सेलूला गेले की लाज वाटायची. कोणत्या तोंडानं मागणार? पुढच्या खेपेला बघू. अशा किती खेपा गेल्या. अण्णा गेले. मावशी म्हातारी झाली. डबी आतच असायची, फोटोपुरती बाहेर यायची.

म्हणून ऋतुजाचं यंत्र बघितलं तेव्हा माझ्या मनात एकच आलं, आणि ते तोंड डबीत बसवलं होतं, एवढं मी तिला सांगितलं. दिनूच्या मुंजीचा फोटो आहे, मावशी आणि अण्णा पाटावर बसलेले. डबी तेव्हा आठ दिवसांची होती. नवी कोरी. ती मोठी करून बघता येईल की! ऋतुजालाही चेव आला. दोघी कॉम्प्युटरला चिकटून बसलो. मावशी मोठी झाली, गळा मोठा झाला, डबी वाटीएवढी झाली, ताटाएवढी झाली. आत पांढरंफटक. "फ्लॅशचा उजेड काचेवर पडलाय आत्या." दुसरा काढला, माझ्या लग्नातला. डबीत करड्या रंगाचा डाग. दिनूच्या लग्नातला, डाग फिका. ऋतुजाच्या बारशाचा, नुसतं तपकिरी. मी सगळे वर्षांप्रमाणे लावले, सवयच आहे. लावल्यावर दिसलं ते असं, की प्रत्येक फोटोत मावशी कडेला उभी आहे, प्रत्येक फोटोत तिनं डबी बाहेर काढून सरळ केली आहे. मुंजीत, लग्नात, बारशात आई असावी म्हणून. मिरवणं कसलं! ती दर वेळी माझ्या आईला फोटोत घेत होती, आणि दर वेळी ती थोडी थोडी पुसत चालली होती.

ऋतुजाला माझी दया आली असावी. म्हणाली, आता कॉम्प्युटर तोंड तयार करून देतो, तुझ्या आणि बाबांच्या चेहऱ्यावरून. तासाभरात तिनं ते भोक बुजवून आणलं. पायरीवर दिनूला मांडीवर घेऊन एक बाई बसली होती, माझं नाक, दिनूचे ओठ, छान हसत होती. चांगल्या घरची वाटत होती. मी तिला कधी बघितलेलं नव्हतं. "पुसून टाक बाई," मी म्हणाले. दिनूला विचारलं, तुला आठवतंय का रे आईचं तोंड? तो भिंतीकडं बघून म्हणाला, "मी दोन वर्षांचा होतो, अक्का. मला आई म्हणलं की हीच दिसती." भिंतीवर मावशीचा हार घातलेला फोटो. तिचा एकटीचा फोटो निघाला नाही, म्हणून ऋतुजाच्या बारशातून तिला वेगळी काढून मोठी केली. स्टुडिओवाल्यानं गळ्यावरचा तपकिरी डाग साफ करून दिला आहे. बरा दिसत नव्हता म्हणाला. येणारे-जाणारे म्हणाले, फोटो लय सुरेख आला.

डबी माझ्याजवळ होती. मावशीला शेवटची आंघोळ घालताना गल्लीतल्या बायकांनी ती काढली, तेव्हा खाली छातीवर गोल पांढरा वण होता, ऊन न लागलेला. गुरुजी म्हणाले, टाक अस्थींसोबत दुधना नदीत सोडा. मी हिसकावूनच घेतली, सगळे बघत राहिले. तरी तीन आठवडे उघडली नाही. काल दुपारी जेवणं झाल्यावर सुरीच्या टोकानं लाख खरवडली आणि काच उचलली. काचेला चिकटून तपकिरी लगदा आला, जुन्या लाह्यांच्या पिठासारखा. साबणाचा आणि हळदीचा वास. बोटानं फिरवला तर बोटाला लागला. आत चांदी काळी पडलेली. एवढंच होतं. कपाळ नाही, आठी नाही, काही नाही. हे मावशीला माहीत होतं. रोज सकाळी आंघोळीनंतर ती काच पुसायची, तिला दिसत होतं. काच तपकिरी झाल्यावरही ती वर्षानुवर्षं तिला पहिला घास दाखवत होती आणि लेकरं जेवली म्हणून सांगत होती. मला सांगायची तिची हिंमत नव्हती. ती हिंमत मी मोडून ठेवली होती.

आता ह्या जगात माझ्या आईचं तोंड आठवणारं माणूस उरलं नाही. अण्णा गेले, सोनार गेला, माझे आजी-आजोबा, मामा, कधीच गेले. ते आठवणारी शेवटची मावशी होती. ती गेली तेव्हा आई दुसऱ्यांदा गेली, आणि ह्या वेळी काही मागं ठेवलं नाही. मला तिला नुसतं विचारता आलं असतं, माझी आई कशी दिसायची हो? तिनं सगळं सांगितलं असतं, भुवया कशा, हनुवटी कशी. तिनं पाच-सहा वर्षं तरी धड बघितलेलं होतं, कुणी बघितलं नसेल इतकं जवळून. साठ वर्षं एका घरात येणं-जाणं, आणि मी विचारलं नाही.

आज वहीत नोंद केली. अनुक्रम एक. चारठाणा, देवळापुढं. अण्णा, दिनू, मी, आई. स्थिती, मधला भाग गहाळ. कचेरीत असं लिहिलं की पुढं एक रकाना भरावा लागायचा, जबाबदार कोण. तो रकाना मी ह्या वहीत आखला नव्हता. आज पट्टी घेऊन आखला आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. ऋतुजा म्हणाली, "काय हे आत्या, लहान होतीस तू." बारा वर्षांची लहान होते. अठराची नव्हते. पन्नासची नव्हते.

आणि एक गोष्ट लिहायची राहिली, तेवढी लिहून थांबते. मावशी परभणीला दवाखान्यात होती, जायच्या दोन दिवस आधी, दुपारी चारचा सुमार. दिनू औषधं आणायला खाली गेला होता. मी बाजूला बसून मोसंबी सोलत होते. तिनं डोळे उघडले, डबी मुठीत घट्ट धरली होती. म्हणाली, "सुले, तू तुझी आई माझ्याजवळ दिली होतीस. मला सांभाळता न्हाई आली गं. मला माफ कर." मला वाटलं तापात बरळते आहे. मी मोसंबीची फोड तिच्या ओठाला लावली आणि म्हणाले, "उगं बडबडू नका. झोपा आता तुमी."